थाळी ऐकू येईल तिथवर

"तुमच्या साडीले मासा समजलो नाई जी मी. मांगचा झटका थोडा लंबा झाला, बस."

गावंडे काकाजी माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे. पुसदला नदीकाठच्या गल्लीत आम्ही नुकतंच घर घेतलं होतं आणि मागच्या अंगणात वाळत घातलेल्या साडीच्या पदरात त्यांचा गळ रुतला होता. अंगणाची भिंत कमरेएवढी, पलीकडे उतार आणि खाली पूस नदी. उतारावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले, डोक्याला दुपट्टा बांधलेले एक वयस्क गृहस्थ लवलवती काठी घेऊन उभे होते. काठीतून निघालेला जाड पिवळा दोर थेट माझ्या पदरापर्यंत आला होता. साडी लग्नाच्या वाढदिवसाची, जेमतेम एकदा नेसलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात कुठून तरी थाळीवर चमचा आपटल्याचा आवाज आला. काकाजींनी मान डावीकडे कलती केली, "आलोऽऽ" अशी आरोळी ठोकली, काठी भिंतीवरून माझ्या हातात दिली आणि चढणीवरून चक्क पळत सुटले. मी एका हातात काठी, एका हातात साडी धरून उभी. शाळेत पोरांना उभं करणारी मी मास्तरीण, मला कोणी असं उभं केलेलं नव्हतं.

साडीला पडलेलं भोक त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः रफू करून दिलं. इतकं बारीक की मलाच सापडेना. माझा राग तिथेच निम्मा झाला, पण उरलेला मी बरेच दिवस जपून ठेवला होता.

काकाजींची सगळी नोकरी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत गेली. उमरखेडची गाडी कुठल्या फलाटाला लागली, मारेगावला जायला यवतमाळला किती वाजता उतरावं लागेल, हे सांगता सांगता त्यांचे केस पांढरे झाले. आवाज अजूनही तसाच, भोंग्यातून आल्यासारखा. "साऱ्या जिल्ह्याले मी गाडीत बसवलं, मीच तेवढा फलाटावर राह्यलो," असं ते हसत सांगायचे. निवृत्त झाल्यावर मिळणारा प्रवासाचा पास घेऊन बायकोसोबत फिरायचं त्यांनी ठरवलं होतं. देवदर्शन काकूंसाठी, आणि वाटेत लागेल त्या नदीवर गळ टाकणं स्वतःसाठी. पास मिळाला आणि काही दिवसांतच सुमनकाकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पास कपाटात राहिला आणि त्याची मुदत तिथेच संपली.

काकूंची एक अट होती, ती त्यांनी न बोलता सगळ्यांना समजावून दिली होती. त्यांना उचलायचं, भरवायचं, कूस बदलायची ती काकाजींनीच. बंगळुरूहून मुलगा आला, त्याने आया ठेवून पाहिली. काकूंनी दात आवळून धरले आणि दिवसभर पाण्यालासुद्धा तोंड लावलं नाही. मुलाने मोठ्या बटणांचा मोबाइल आणला, तो त्यांनी डाव्या हाताने खाटेखाली ढकलून दिला. डाव्या हातात चमचा तेवढा धरला. खाटेच्या कडेला पालथी थाळी ठेवलेली असायची, तिच्यावर चमचा वाजला की काकाजींनी हजर व्हायचं.

म्हणजे काकाजींना घराबाहेर किती लांब जाता येईल, हे त्या थाळीने ठरवलं होतं.

जाताना मुलाने विचारलं, बाबा, तुम्हाला काय पाठवू? काकाजींनी मोबाइलवर परदेशातले लोक कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून डोक्यावरून दोर फिरवताना पाहिले होते. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही, पिसांची बनवलेली खोटी माशी. ती पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशाला खरी वाटावी. काकाजी म्हणाले, तशी काठी पाठव. काठी आली आणि गल्लीला नवीन करमणूक मिळाली.

बाकीचे लोक मासे धरायला गाड्या काढून धरणावर जायचे. काकाजींचं सगळं पाणी पायाखालचं. छोटा पूल, त्याच्याखालची सावली, माझ्या अंगणामागचा उतार, पुढे धोबीघाट आणि सगळ्यात शेवटी बंधारा. त्यातही वाऱ्याचा हिशेब असायचा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की थाळीचा आवाज खालच्या अंगाला वाहायचा आणि काकाजी ऐटीत बंधाऱ्यापर्यंत जायचे. थंडीत वारा फिरला की पुलापाशीच घुटमळायचे. सकाळी मी अंगणात तुळशीला पाणी घालायला गेले की ते खालून विचारायचे, "मास्तरीणबाई, तुमच्या दोरीवरचे कपडे कोनीकडे उडून राह्यले?" मी सांगायची. त्यावर ते त्या दिवशीची जागा ठरवायचे.

धोबीघाटावरच्या बायकाही या कामात सामील होत्या. कपडे आपटण्याच्या आवाजात काकाजींना थाळी ऐकू आली नाही, तर त्या हात थांबवून ओरडायच्या, "काकाजी, वाजली!" मग काकाजी नदीतूनच "आलोऽऽ" म्हणायचे. काकूंना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी एकदा तसं म्हणालेही. "तिले नाई जी, मले ऐकू आलं पाह्यजे," ते म्हणाले.

काशाच्या थाळीची गोष्ट तर साऱ्या बाजाराला माहीत आहे. आधी घरात स्टीलची थाळी होती. तिचा आवाज बंधाऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून काकाजी भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराला थाळ्या काढायला लावल्या, त्याच्या हातात चमचा दिला आणि म्हणाले, "तू वाजवत राय, मी चालत जातो." बाजाराचा दिवस. दुकानदार गल्ल्यावर उभा राहून एकेक थाळी बडवतोय, आणि काकाजी गर्दीतून मान डावीकडे कलती करून लांब लांब चाललेत. मधूनच वळून ओरडताहेत, "ही नाई! दुसरी घे!" लोकांना वाटलं काही लिलाव चालू आहे, दुकानासमोर घोळका जमला. शेवटी एका जुन्या काशाच्या थाळीचा आवाज पार भाजीबाजाराच्या टोकाला ऐकू आला. काकाजी धावत परत आले आणि घासाघीस न करता ती घेतली. "या थाळीनं माह्यी नदी वाढवली," असं ते त्यानंतर येईल त्याला सांगत होते.

त्यांच्याकडे शिकायला येणारे कमी नव्हते. आमच्या यांना डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं. नुसतं चालायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते काकाजींच्या मागे लागले. मग बँकेतले एक साहेब आले, मग औषधाच्या दुकानातला एक जण. पहिले कित्येक दिवस काकाजी कोणाच्या हातात काठी देत नसत. नुसतं पायी फिरवत. "पानी पाहा. मोरी जिथं नदीत पडते तिथं किडे येतात, किड्यामांगं मासा येतो. जांभूळ पान्यावर वाकलं हाय, त्याच्या खाली पाहा. वरतं विजेची तार पाहा. अन् मांगं पाहा, मास्तरीणबाईची साडी तं नाई ना." बँकेचे साहेब म्हणाले, काकाजी, धरणावर जाऊ, गाडी आहे माझी, तिथं मोकळं शिकता येईल. काकाजींचा चेहरा उतरला. "नवशिक्यानं पायी जाता येते तिथंच शिकावं," एवढं बोलून ते पुढे चालायला लागले. साहेबांना ते शास्त्र वाटलं. त्यांनी ते पुढे दुसऱ्यांनाही शिकवलं.

काकू माळकरी, त्यामुळे घरात मासा चालत नसे. धरलेला मासा काकाजी ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडत. चिलापी असो की मरळ, सगळ्यांना एकच न्याय. पण गळाच्या खोट्या माश्या बांधायला कोंबड्याची पिसं लागतात आणि ती कोंबडीच्या दुकानातच मिळतात. माळकरी बाईचा नवरा रोज सकाळी कोंबडीच्या दुकानातून कागदाची पुडी घेऊन निघतो, ही बातमी गल्लीत फिरायला किती वेळ लागणार? एका शेजारणीने तर भलेपणाने काकूंच्या कानावरसुद्धा घातलं. काकूंनी थाळी वाजवून काकाजींना बोलावलं आणि डोळ्यांनी खिशाकडे खूण केली. त्यांनी पुडी उघडून खाटेवर पिसं पसरली, तांबडी, काळी, ठिपक्यांची. त्यांतलं एक तांबडं काकूंनी डाव्या हाताने निवडून दिलं. त्या पिसाची माशी काकाजींनी बांधली, पण पाण्यात कधी टाकली नाही. डोक्याच्या दुपट्ट्याला टोचून ठेवली.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, पण ते पाहताना नेहमी हसू येत नसे. त्या काठीच्या रिळावर भरपूर दोर होता. काकाजी त्यातला थोडासाच सोडत, कारण थाळी वाजली की तो झटपट गुंडाळून पळायचं असायचं. उरलेला दोर रिळावर तसाच, कोरा. एकदा माझ्या भिंतीला टेकून त्यांनी तो मला दाखवला. "हा इतला भाग पाह्यला? हा ओलाच नाई झाला कधी. पैनगंगेवर जावं, मोठ्या पान्यात उभं राहावं अन् धारेबरोबर हा सारा सोडून द्यावा. एक डाव. मासा नाई लागला तरी चालते."  नदीकडे बघतच म्हणाले, "कधी कधी वाटते, थाळी नदीत फेकून द्यावी. नाई तं म्हनावं, नाई आली ऐकू."

"मग म्हणा की एखाद दिवस," मी म्हणाले.

"म्हनलं असतं जी. पन येते ना ऐकू."

मला त्या क्षणी काकूंचा संताप आला. खाटेवरून उठता न येणाऱ्या बाईचा संताप येणं बरं नव्हे हे मला कळत होतं, तरी आला.

मग ती टाळेबंदीच्या आधीची संध्याकाळ आली, जेव्हा साऱ्या देशाने दारात उभं राहून थाळ्या वाजवल्या. दिवसभर गावात चिटपाखरू नव्हतं. धोबीघाट रिकामा. काकाजींनी तेवढ्यात डाव साधला आणि खाली पुलापाशी जाऊन उभे राहिले, नदीवर एकटेच. थाळ्यांचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, की सांगूनही ते विसरले होते, कोण जाणे. मी गच्चीवर ताट-पळी घेऊन तयार होते. वेळ झाली आणि आमच्या गल्लीत, पलीकडच्या गल्लीत, नदीच्या दुसऱ्या अंगाला, सगळीकडून एकदम थाळ्या सुरू झाल्या. मी खाली पाहिलं. काकाजी पाण्यात ताठ उभे होते. मान डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग गरगर फिरली. त्या गोंधळात त्यांना आपली थाळी सापडेना. त्यांनी दोर गुंडाळलासुद्धा नाही. काठी पाण्यातच टाकली आणि "आलोऽऽ, आलो गं सुमेऽऽ" करत दगडांवरून पळाले. चढणीवर पडले, गुडघा फुटला, उठून पुन्हा पळाले. मी ताट टाकून त्यांच्यामागे धावले.

दारातून आम्ही पाहिलं तर काकू चमचा वाजवत होत्या. टीव्ही चालू होता. डावा हात वर जात होता, खाली येत होता, आणि तोंडाची धड असलेली बाजू हसत होती. लकवा मारल्यापासून त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. सारं गाव त्यांच्यासारखं वाजवत होतं, काकूंना बहुतेक त्याचंच कौतुक वाटलं असावं. काकाजी उंबऱ्यावर बसले. "मी समजलो मेली," एवढंच म्हणाले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. काकूंनी वाजवणं थांबवलं नाही. काठी दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या लोखंडी जाळीला अडकलेली सापडली.

त्या दिवसानंतर मीच मनाशी ठरवलं की या माणसाला एकदा पैनगंगा दाखवायची. ती संधी यायला बरेच दिवस गेले. काकूंना मीच विचारलं. खाटेजवळ बसून म्हणाले, "काकू, काकाजींना एक दिवस जाऊ द्या. मी बसते इथं. चालेल?" त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून उघडले. काकाजींना पटेना. त्यांनी दोनदा खाटेजवळ येऊन विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांना तेच उत्तर मिळालं. शेवटी एका रविवारी पहाटे आमच्या यांनी त्यांना मोटारसायकलवर बसवून उमरखेडकडे नेलं.

तिकडे काय झालं ते यांनी मला नंतर सांगितलं. पाणी छान वाहत होतं. काकाजी कमरेपर्यंत आत गेले आणि त्यांनी धारेबरोबर दोर सोडायला सुरुवात केली. सोडत गेले, सोडत गेले, आणि रीळ पार रिकामं झालं. कोरा दोर पहिल्यांदा ओला झाला. तेव्हा काकाजी मोठ्याने हसले, असं आमचे हे म्हणाले. पण उभे होते ते मान डावीकडे कलती करूनच. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावर कोणाची तरी म्हैस गळ्यातली घंटा वाजवत पाण्याला आली आणि काकाजींनी दोर गुंडाळायला घेतला.

"काहून काकाजी? आत्ता तं आलो आपन."

"वाजली."

"इथं कुठं वाजते? म्हशीची घंटा हाय ते."

"मालूम हाय मले. तरी चला."

इकडे मी काकूंजवळ बसले होते. त्यांनी माझ्या हातून पाणी घेतलं, थोडी पेज घेतली. दात आवळले नाहीत. थाळी हाताशी होती, पण चमच्याला त्यांनी सकाळपासून बोट लावलं नव्हतं. ऊन वर यायच्या आत दारात मोटारसायकल थांबली. ओल्या पँटने काकाजी आत आले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग डाव्या हाताने ती काशाची थाळी उचलली आणि जमिनीवर फेकून दिली. घरभर आवाज घुमला. इतक्या लवकर आले म्हणून त्या चिडल्या होत्या. दिवसभराची सुट्टी त्यांनी देऊ केली होती, आणि काकाजींना ती पुरती घेता आली नव्हती. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकाजी खाली बसले, थाळी उचलून दुपट्ट्याने पुसली आणि खाटेच्या कडेला होती तिथे ठेवली. "सुमे, दोर पुरा सुटला होता," ते म्हणाले. माझा काकूंवरचा राग त्या दिवशी संपला. कोणी कोणाला बांधून ठेवलं होतं, ते मला कळेनासं झालं.

गेल्या वर्षी, पावसाळा सरता सरता काकू गेल्या. झोपेतच, थाळी न वाजवता.

आता काकाजी मोकळे झाले, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. काकाजी सकाळीच काठी घेऊन निघायचे. बंधारा ओलांडायचे, स्मशानाच्या मागचा डोह ओलांडायचे आणि पुढे, जिथवर आपल्यातलं कोणी गेलं नव्हतं तिथवर जायचे. पण परत येत नसत. दुपारचं जेवण तसंच राहायचं. दिवेलागणीला आमचे हे त्यांना शोधायला निघायचे, तर ते कुठल्या तरी दगडावर उभे, दोर पाण्यात, आणि मान डावीकडे कलती. मी रागावले. म्हणाले, काकाजी, वेळेवर घरी यायला काय होतं? ते ओशाळले. "यायचं कधी तेच समजत नाई जी. पह्यले वाजायचं."

मुलगा त्यांना न्यायला आला. बंगळुरूला त्याचं घर बाराव्या मजल्यावर आहे, जवळ एक तलाव आहे, बाबा तिथे मासे धरू शकतील, असं तो मला समजावून सांगत होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सामान बांधून झालं होतं आणि काकाजींचा पत्ता नव्हता. मोबाइल घरीच. मुलगा काठावर जाऊन हाका मारून आला. "ताई, मला दिसताहेत ते, बंधाऱ्याच्या पलीकडे उभे आहेत. पण वळूनही पाहत नाहीत." तो रडकुंडीला आला होता.

मी त्यांच्या घरात गेले. ठेवून जायच्या भांड्यांत काशाची थाळी सगळ्यात खाली होती. ती आणि एक चमचा घेऊन मी आमच्या गच्चीवर चढले. तिथे माझा हात थांबला. इतकी वर्षं या आवाजाने त्या माणसाला नदीच्या एका तुकड्यात कोंडून ठेवलं होतं, आणि तोच आवाज मी त्यांच्या मागे लावणार होते. दोरीवरचे कपडे बंधाऱ्याच्या दिशेने उडत होते. मी चमचा थाळीवर आपटला.

लांबवर काकाजींची मान हलली.  मग त्यांचा हात रिळावर गेला आणि पिवळा दोर पाण्यातून मागे येऊ लागला. धोबीघाटावर शेवटचे पिळे पिळणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या, पण कोणी ओरडलं नाही. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे त्यांचा आवाज मला ऐकू येणार नव्हता. तरीही त्यांनी मान वर करून तोंड उघडलेलं मला दिसलं, आणि ते काय म्हणाले ते मला कळलं.

ते चढण चढून दारात येईपर्यंत मी थाळी वाजवत राहिले.